अमेरिकेत हौसेने पोहणाऱ्यांनी यूएस मास्टर्स स्विमिंगची मेंबरशिप घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन वर्ष लागलं की हे प्रश्न हमखास येतात आणि दरवेळी तीच उत्तरं तुकड्यातुकड्यात टाईप करावी लागतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी न्यू जर्सीत एका मास्टर्स (म्हणजे मोठ्या माणसांच्या) ग्रुपबरोबर पोहते, यूएस मास्टर्सच्या संघटनेत माझं काही पद वगैरे नाही, त्यामुळे जे चांगलं वाटलं ते चांगलं आणि जे बिनकामाचं वाटलं ते बिनकामाचं असं सरळ लिहिलंय. हे हौसेने पोहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांच्या स्विम टीमचं सगळं वेगळं असतं, ते इथे नाही.

ही संघटना नक्की काय आहे? फक्त स्पर्धा करणाऱ्यांची का?

१८ वर्षं पूर्ण झालेल्या कुणाचीही. सुरुवात मात्र स्पर्धेनेच झाली, १९७० साली टेक्ससमधल्या अमारिलोला मोठ्या माणसांची पहिली नॅशनल मीट, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नेव्हीतले डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं असं की कॉलेज संपलं की लोक व्यायाम सोडून देतात, त्यांच्यापुढे तारीख ठरलेलं काहीतरी ठेवलं तर ते पोहत राहतील. आज ऑफिस फ्लोरिडात सारासोटाला आहे, देशभर पन्नासच्या आसपास लोकल कमिट्या आहेत, आणि मेंबरांपैकी अर्ध्याहून जास्त लोक कधी स्पर्धेत उतरतच नाहीत, सकाळी पोहतात आणि कामाला जातात.

लांबलचक नको, घ्यायची की नाही ते सांगा.

घरापासून वीसेक मिनिटांत कोच असलेला मास्टर्स ग्रुप असेल तर नक्की घ्या. एकटेच पोहता, तसंच पोहायला आवडतं आणि वेळ मोजायची इच्छा नाही, तर पैसे वाचवा. पोहताच येत नसेल तर आधी शिका, मेंबरशिपचं नंतर बघू. खाली जे काही लिहिलंय ते याचंच सविस्तर.

फी किती?

फी वर्षाची असते, आकडा बदलत राहतो, तेव्हा साईटवर बघा. कॉलेजच्या वयाच्या मुलांना कमी पडते.

वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष, ३१ डिसेंबरला संपतं, हे लक्षात ठेवा. पुढच्या वर्षाची नोंदणी १ नोव्हेंबरला उघडते आणि तेव्हा घेतलेली मेंबरशिप लगेच सुरू होऊन पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालते, म्हणजे चौदा महिने. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मनात आलं तर क्लबला विचारून ट्रायलवर पोहा आणि नोव्हेंबर लागला की भरा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे, तेव्हा नीट वाचा: या फीमध्ये पूल येत नाही. कार्ड मिळालं म्हणून कुठल्याही तलावावर जाऊन उडी मारता येत नाही. क्लबची महिन्याची फी वेगळी, तलाव वायएमसीएचा किंवा एखाद्या जिमचा असेल तर त्यांची मेंबरशिप कधी कधी आणखी वेगळी. खरा खर्च हा महिन्याचा असतो, संघटनेची फी त्यामानाने किरकोळ आहे. म्हणून क्लबला फोन करून "सगळं धरून महिन्याला किती पडेल" असं विचारा, नाहीतर तीन वेगवेगळी बिलं आली की माणूस वैतागतो आणि सोडून देतो, असं मी बऱ्याच जणांचं होताना पाहिलंय.

मग त्या फीमध्ये मिळतं काय?

मास्टर्स क्लबच्या प्रॅक्टिसला यायचा हक्क, मान्यताप्राप्त स्पर्धा आणि ओपन वॉटर (समुद्रात, तळ्यात पोहायच्या) इव्हेंटमध्ये नाव घालायचा हक्क, वर्कआऊटचा मोठा साठा, मासिक, इन्शुरन्स, आणि गॉगल-स्विमसूटवर काही डिस्काउंट. डिस्काउंट मी हिशोबातच धरत नाही, सेल लागला की तसंही स्वस्त मिळतं. मासिकातले तंत्राचे लेख खरंच वाचण्यासारखे असतात, पण त्यातलं बरंचसं ऑनलाईन सगळ्यांना फुकट वाचता येतं. वर्कआऊटचा साठा मात्र एकट्याने पोहणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे, नवशिक्यापासून स्प्रिंटरपर्यंत सगळ्यांसाठी लिहिलेले सेट (किती अंतर, किती वेळा पोहायचं ते) असतात, कागदावर उतरवून झिपलॉकच्या पिशवीत घालून तलावाच्या काठाला चिकटवायचा आणि सुरू करायचं. रोज तेच ते वीस-तीस चकरा मारून कंटाळलेल्या माणसाला एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

इन्शुरन्स म्हणजे? तलावात काही झालं तर हॉस्पिटलचं बिल ते भरणार?

सरसकट नाही. हे कव्हर दुय्यम असतं, म्हणजे आधी तुमचा स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स आणि त्यातून उरलेल्यासाठी हे. आणि तेही संघटनेने मान्य केलेल्या स्पर्धेत किंवा कोचच्या देखरेखीखालच्या क्लब प्रॅक्टिसमध्ये काही झालं तरच. रविवारी दुपारी तुम्ही एकटे कम्युनिटी पूलला गेलात आणि काठावर घसरलात तर याचा काही संबंध नाही. दुसरा भाग लायबिलिटीचा, म्हणजे कुणी नुकसानभरपाई मागितली तर त्यासाठीचा आहे, त्याचा फायदा क्लबला आणि कोचला होतो, कारण त्याच्याशिवाय बहुतेक तलाव त्यांना लेन भाड्याने द्यायला तयारच होत नाहीत. तुमच्या खिशात थेट काही येत नाही पण सकाळी साडेपाचला तो ग्रुप तिथे पोहू शकतो तो यामुळे.

कोच असलेल्या प्रॅक्टिसमध्ये असं वेगळं काय असतं? मला तर पोहता येतं.

माझ्या मते सगळा फायदा इथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्यापैकी बरेच जण विहिरीत, नदीत, कॅनॉलमध्ये शिकलेत. आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याकडचे एक काका आहेत, पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलेले, पाण्याची भीती म्हणून नाहीच, पण मान पूर्ण वर काढून पोहायचे कारण विहिरीत तसंच पोहतात, समोर कोण उडी मारतंय ते दिसायला हवं ना. मान वर म्हणजे कंबर आणि पाय खाली, मग सगळी ताकद स्वतःचं अंग ओढण्यातच जाते. दोन चकरांत धाप लागायची आणि त्यांना वाटायचं वय झालं. कोचने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा, श्वास घेताना डोकं उचलू नका, अंगाबरोबर बाजूला वळवा, एक डोळा पाण्यातच राहू दे. हे जमायला कित्येक आठवडे गेले, मधे नाकातोंडात पाणी जाऊन त्यांनी दोनदा "मला नाही जमायचं" म्हणून झालं, पण आता ते न थांबता अर्धा तास पोहतात. ही चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही, काठावर उभ्या माणसालाच दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. भिंतीवर मोठं पेस क्लॉक असतं, फळ्यावर सेट लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ५० यार्ड दहा वेळा, दर १ मिनिट १५ सेकंदाला निघायचं. तुम्ही एका मिनिटात पोचलात तर १५ सेकंद विश्रांती, सत्तर सेकंद लागले तर फक्त पाच. पहिले तीन-चार सोपे जातात, सहाव्यापासून कळायला लागतं की आपण सुरुवातीला उगाच पळालो, आणि पुढच्या खेपेला माणूस आपोआप बेताने निघतो. एकटं असताना असं कुणी करत नाही, आपण काठाला धरून आरामात उभे राहतो.

एका लेनमध्ये चार-पाच जण असतात म्हणून सगळे उजव्या बाजूने गोल फिरत पोहतात, मागच्याला पुढे जायचं असेल तर तो पायाला हलकेच बोट लावतो, मग तुम्ही भिंतीपाशी कोपऱ्यात थांबून त्याला जाऊ द्यायचं. यात रागवण्यासारखं काही नसतं, पहिल्यांदा कुणी पायाला हात लावला की दचकायला होतं एवढंच. आणि इथले बहुतेक तलाव २५ यार्डांचे, म्हणजे २३ मीटरपेक्षा थोडे कमी, त्यामुळे भारतातल्या ५० मीटरच्या टँकवर पोहलेल्यांनी आपले जुने आकडे याच्याशी लावू नयेत.

आणि सोबत. इथे हिवाळ्यात सकाळी पाच वाजता अंधारात गाडीवरचं बर्फ खरवडून तलावावर जायची इच्छा कुणालाच नसते, पण लेनमधले बाकीचे वाट बघत असतात, नाही गेलो तर विचारतात, म्हणून जाणं होतं. इथे नवीन आलेल्या आणि ऑफिस सोडून कुणाला फारसं न भेटणाऱ्या आपल्या लोकांना तर मी हे आवर्जून सांगते.

मी फारच हळू पोहतो, लोक हसतील का?

कोणी हसत नाही, लेन स्पीडप्रमाणे वाटलेल्या असतात आणि एक लेन जवळजवळ नेहमी हळू पोहणाऱ्यांची असते. न थांबता २०० यार्ड कसंबसं जमत असेल तर बहुतेक ग्रुप घेतात, तेवढंही नसेल तर कोचला आधी ईमेल करून खरं काय ते सांगा, काही क्लब फार स्पर्धेकडे झुकलेले असतात तिथे नवीन माणसाची दमछाक होते. जवळ दोन क्लब असतील तर दोन्हीकडे जाऊन बघा.

मला पोहताच येत नाही आणि वय ४५ आहे.

तुम्ही एकटे किंवा एकट्या नाही. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की अमेरिकेत ४ कोटींहून जास्त मोठ्या माणसांना पोहता येत नाही आणि अर्ध्याहून जास्त लोकांनी आयुष्यात एकदाही पोहण्याचा क्लास केलेला नाही. आपल्याकडच्या बायकांना तर लहानपणी शिकवलंच गेलं नाही, भाऊ नदीवर गेला आणि आपण घरी राहिलो, आणि आता मुलांच्या स्विम लेसनला काठावर टॉवेल घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणी मला दर आठवड्याला दिसतात. माझं त्यांना अगदी मनापासून सांगणं आहे की शिका. यूएस मास्टर्सचा खास मोठ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांना सर्टिफिकेट द्यायचा कार्यक्रम आहे, एप्रिल महिना तर मोठ्यांच्या पोहणं शिकण्यासाठीच म्हणून साजरा होतो आणि त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा स्वस्तात क्लास निघतात. मोठ्यांना शिकवणं आणि मुलांना शिकवणं यात फार फरक आहे, मुलाला भीती नसते, मोठ्या माणसाला भीती असते आणि ती लपवायचीही असते, तेव्हा शिक्षक निवडताना "तुम्ही मोठ्यांना शिकवलंय का" हा प्रश्न आधी विचारा. काही वायएमसीएंमध्ये फक्त बायकांसाठी वेळ असतो, तोही विचारा.

कपड्यांचं काय? मला कट असलेला स्विमसूट घालायचा नाही.

प्रॅक्टिसला गुडघ्यापर्यंतचा किंवा पायघोळ स्विम लेगिंग आणि लांब बाह्यांचा स्विम टॉप बिनधास्त घाला, अट एवढीच की कापड पोहण्याचं पाहिजे, सुती टीशर्ट बहुतेक तलाव चालवून घेत नाहीत आणि तो भिजून जडही होतो. मीटमध्ये नियम आहे, बायकांचा सूट खांद्यांच्या पुढे आणि गुडघ्यांच्या खाली जाऊ नये असा, पण धार्मिक किंवा मेडिकल कारण असेल तर आधी परवानगी मागता येते.

स्पर्धेत उतरायलाच लागतं का?

अजिबात नाही. पण एकदा तरी करून बघा असं मी म्हणेन, कारण या स्पर्धा आपण शाळेत पाहिल्या तशा नसतात. वयाचे गट पाच-पाच वर्षांचे असतात, १८ ते २४, मग २५ ते २९, असं करत शंभरीच्या पुढेपर्यंत. हीटमध्ये मात्र लोक वेळेप्रमाणे उभे करतात, त्यामुळे तुमच्या शेजारच्या लेनमध्ये सत्तरीच्या आजी असू शकतात आणि त्या तुमच्या आधी पोचूही शकतात. ब्लॉकवरून (काठावरच्या उंच ठोकळ्यावरून) सूर मारायची भीती वाटत असेल तर पाण्यातून भिंतीला धरून सुरुवात करता येते. राष्ट्रीय स्पर्धेला सुद्धा काही इव्हेंट क्वालिफाय न होता पोहता येतात, तिथे जायला ऑलिम्पिकवाले असावं लागत नाही.

प्रवास नको असेल तर ई-पोस्टल म्हणून प्रकार आहे, मला तो फार आवडतो. वर्षाच्या सुरुवातीला एक तासाची असते: आपल्याच तलावात, एका तासात जेवढं पोहता येईल तेवढं पोहायचं, काठावर एक माणूस बसून चकरा मोजतो आणि वेळा लिहून ठेवतो, मग आकडा ऑनलाईन भरायचा आणि देशभरातल्या आपल्या वयाच्या लोकांत आपण कुठे आहोत ते दिसतं. नवऱ्याला किंवा मुलीला मोजायला बसवा. तास संपेपर्यंत न थांबता पोहणं हेच पहिल्या वर्षी पुष्कळ आहे.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना मेंबर करू का?

करता येतं, नागरिकत्वाची अट नाही. पण विचार करा, फी वर्षाची आहे आणि ते मधेच परत जाणार. बरेच क्लब नवीन माणसाला आधी काही दिवस ट्रायलवर पोहू देतात, त्यात बघून घ्या. बाबांना रोज अर्धा तास पाण्यात उतरायचं असेल तर टाऊनच्या तलावाचा सीनियर पास जास्त सोयीचा पडेल, आईला पाण्यातल्या एरोबिक्सचा क्लास आवडेल, आणि तिथे गप्पाही होतात. व्हिजिटर इन्शुरन्स मात्र नीट घ्या, वर लिहिल्याप्रमाणे संघटनेचं कव्हर दुय्यम आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

बीपी, शुगर आहे, चालेल?

डॉक्टरांना विचारून. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हार्टचा त्रास लवकर होतो हे माहीतच आहे, त्यामुळे खूप वर्षांनी सुरू करताय तर तपासणी करून घ्या आणि कोचला सांगून ठेवा, लपवू नका. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर काठावर ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ज्यूस ठेवा.

मला ट्रायथलॉन करायचीय, मग हे लागेल का?

रेससाठी यूएसए ट्रायथलॉन ही वेगळी संघटना आहे, त्यांची मेंबरशिप वेगळी. पण ट्रायथलॉनवाले पोहण्यातच मार खातात आणि मास्टर्स ग्रुपमध्ये ते खूप असतात. वर्षात एखादीच ओपन वॉटर पोहायची असेल आणि बाकी काही नको असेल तर फक्त त्या इव्हेंटपुरती नोंदणीही बऱ्याच ठिकाणी होते, पूर्ण वर्षाचे पैसे भरायची गरज नाही.

भारतात परत जाणार आहोत, तिथे असं काही आहे का?

आहे, पण रचना वेगळी आहे. स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही राज्य संघटनांची मिळून बनलेली आहे, हौसेने पोहणाऱ्या माणसाने थेट फी भरून वर्षभराचे वर्कआऊट आणि मासिक घ्यावं असा तिचा घाट नाही. मास्टर्सच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि तिथे जायचं तर वाट जिल्हा आणि राज्य संघटनेतून जाते. आंतरराष्ट्रीय मास्टर्स वयाच्या २५ पासून धरतात, अमेरिकेत १८ पासून, हा एक फरक. म्हणजे भारतात स्पर्धा करायची असेल तरच नोंदणीला अर्थ आहे, नुसतं पोहायचं असेल तर आपल्या भागातला चांगला तलाव आणि चांगला कोच शोधणं हेच खरं काम. समुद्राची हौस असेल तर मालवणला चिवला बीचवर डिसेंबरच्या सुमारास जलतरण संघटनेची समुद्री स्पर्धा होते, तिथे लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे पोहतात, आणि मुंबईत संक रॉक ते गेट वे हे ५ किलोमीटरचं अंतर पोहणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. सुट्टीत जाणार असाल तर मालवणचं आधीपासून ठरवा, गावात राहायला जागा मिळत नाही त्या दिवसांत.

आम्ही इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात आहोत.

इंग्लंडमध्ये स्विम इंग्लंडची मेंबरशिप क्लबमार्फत होते, स्पर्धा न करणाऱ्यांसाठी वेगळा स्वस्त प्रकार आहे. ऑस्ट्रेलियात मास्टर्स स्विमिंग ऑस्ट्रेलिया आहे आणि तिथेही क्लब गाठणं हीच पहिली पायरी.

ठरलं, घ्यायचीय. कसं करायचं?

आधी क्लब शोधा, मग फी भरा, उलट करू नका. यूएस मास्टर्सच्या साईटवर झिप कोड टाकला की जवळचे क्लब, त्यांच्या वेळा आणि कोचचा ईमेल दिसतो. कोचला दोन ओळी लिहा: वय, किती पोहता येतं, कुठल्या दिवशी येऊ शकता. ट्रायलला जाऊन या. आवडलं तर ऑनलाईन नोंदणी करताना क्लबचं नाव निवडा, क्लब ठरला नसेल तर कुठल्याच क्लबला न जोडता सुद्धा नोंदणी होते आणि नंतर बदलता येतं. पहिल्या दिवशी दोन गॉगल न्या, एकाचा पट्टा हमखास तुटतो, पाण्याची बाटली न्या कारण पाण्यातही घाम येतो, लॉकरसाठी कुलूप घरून न्या, आणि दहा मिनिटं आधी पोचून कोचला नाव सांगा, तो लेन दाखवेल.